संगणकाचा लॉग वाचता येईपर्यंत

मुलांनो, दसऱ्यानंतर दोन दिवस आजी फोनवर तुमच्याशी धड का बोलली नाही, ते लिहून ठेवते.

बूढापारा या आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी संगणकावर आहे. ती सांभाळणारी ग्रंथपाल तुमच्या आईच्या वयाची. तिचं घर याच नोकरीवर चालतं. तीन कपाटांतली पुस्तकं तिने यादीत घेतली होती. दसऱ्यानंतर पाहिलं तर यादीत त्यांतलं एकही नाही. अध्यक्ष म्हणाले, तिनेच पुसली. रविवारच्या बैठकीत दुसरी बाई ठरवू.

"काकू, मैंने कुछ नहीं मिटाया," ती मला म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते हिंदीच.

यादी ज्या डेटाबेसमध्ये असते, तो चालवणारा सर्व्हर त्याच संगणकात आहे; काय घडलं ते तो वेळेसकट एका फाइलीत लिहितो. तो लॉग. वाचला की झालं, असं मला वाटलं. पण व्यवस्थापनाच्या प्रोग्राममध्ये लॉगचं पान कोरं, आणि खाली एक ओळ: फाइल वाचण्याची परवानगी नाही.

"वहिनी, काहून डोकं शिणवून राहिल्या? हे पोट्ट्यांचं काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पोट्टे परदेशात आहेत, भाऊजी. मी इथे आहे."

केलेली प्रत्येक गोष्ट मी वहीत क्रमाने लिहिली. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड तीनदा घातला. बरोबर होता, तरी पान कोरंच. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा सावकाश वाचली तेव्हा उमगलं: लॉगची फाइल डेटाबेसमध्ये नसते, संगणकाच्या फोल्डरमध्ये असते. परवानगी संगणकाकडून हवी. प्रोग्राम बंद केला आणि संगणकाचा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला. आता म्हणे फाइलच सापडत नाही. सेटिंगमध्ये जुन्या संगणकाच्या नावाची फाइल लिहिलेली होती. नवा संगणक आल्यावर ती कुणी बदललीच नव्हती. फोल्डरमधून खरी फाइल शोधून तिचा पत्ता घातला. पान भरलं.

खंडेनवमी, दुपारी सव्वाबारा: सर्व्हर अचानक बंद. पुन्हा सुरू होताना त्याने अर्धवट काम रद्द केलं होतं. सकाळपासून एकदम चढत असलेली तिन्ही कपाटांची तिचीच यादी ती. अशी एकदम चढवली की शेवटची ओळ चढेपर्यंत सर्व्हर काहीच पक्कं करत नाही.

"सव्वाबाराला काय चाललं होतं?"

"पूजा," ती म्हणाली. "मैं हल्दी-कुमकुम लेने अंदर गई थी."

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. पूजेच्या वेळी यंत्र विजेला जोडलेलं ठेवायचं नसतं, म्हणून त्यांनीच प्लग ओढून संगणकाला झेंडूचा हार घातला होता.

"पडदा काळा होता, वहिनी. मले वाटलं, बंदच आहे."

"पण प्लग तुम्ही ओढलात."

"हव."

त्या ओळी छापून मी त्यांच्या हातात दिल्या. "रविवारी तुम्हीच वाचा."

त्यांनी सगळ्यांसमोर वाचल्या, इंग्रजीत अडखळत, आणि प्लग आपण ओढला हेही सांगितलं. दुसऱ्या बाईचा विषय निघाला नाही. सोमवारी सकाळी ती पहिल्या कपाटाची यादी पुन्हा चढवायला बसली.