भरताचा प्रयोग

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, या पृथ्वीतलावर एकही माणूस स्वतःचं अन्न स्वतः तयार करत नाही. स्वयंपाक करणाऱ्यांनी रागावू नये. अन्न तयार करतं ते झाड, उन्हावर. बाकी आपण सगळे आयतोबा.

हे सिद्ध करायला मी पाचोऱ्याजवळच्या शाळेत वांग्याची दोन रोपं कुंड्यांत लावली होती. एक अंगणात उन्हात, दुसरं टोपलीखाली. टोपलीखालचं पिवळं पडून मान टाकून बसलं. उन्हातल्याला मात्र पाच हिरवीगार, टपोरी वांगी लागली. त्या वांग्यांवर माझी नोकरी टांगलेली होती. जळगावहून तपासणीला येणारे साहेब माझा धडा बघून मला कायम करणार होते.

साहेबांना आणायला मी एसटी थांब्यावर गेलो. परतलो तर कपाशीच्या काड्यांचा धूर आणि भाजल्या वांग्यांचा घमघमाट! थंडीत पाहुणा आला आणि भरीत झालं नाही, तर खानदेशात गावाचं नाक कापलं जातं. शाळेचे शिपाई आबा त्या बाबतीत फार कडक. मिरची-लसूण घालून कुटलेलं भरीत साहेबांनी तीनदा मागून घेतलं. मीही बोटं चाटली.

मग वर्गात मी थाटात धडा सुरू केला, "झाड उन्हातून शक्ती घेतं, ती फळात साठवतं. हे बघा!" आणि कुंडी पुढे ओढली.

झाडावर पाच देठ होते. नुसते देठ.

"फळं कुठंयत, मास्तर?" साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं.

दारातून आबा म्हणाले, "साहेब, बाजारमा वांगा नव्हतात. त्या बठ्ठा तुमना पोटमा शेत."

म्हणजे सगळीच्या सगळी वांगी साहेबांच्या पोटात! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तर मुलांनो, उन्हाची शक्ती झाडात, झाडातून वांग्यात, वांग्यातून साहेबांत! झाड उत्पादक, साहेब भक्षक."

भक्षक म्हटल्यावर मी जीभ चावली. साहेबांनी पोटावरून हात फिरवला, खो खो हसले, आणि कागदावर झोकात सही ठोकली.

आबा बघत होते. त्यांना धडा एकदम उमगला असावा. सगळ्या वर्गादेखत ते ओरडले, "म्हंजे मास्तर, साहेबनी सही बी वांगास्नीच करी!"