दोन नाकांचा राजा

लग्नात वडिलांनी माझ्या ओटीत चांदीचा एक रुपया घातला. आईने गिरणीच्या पगारातून माझ्यासाठी तो बाजूला ठेवला होता. लग्न बघायला ती राहिली नाही.

लालबागला माझ्या सासरी लक्ष्मीपूजनाला सुनेच्या माहेरचा रुपया देवापुढे ठेवायची रीत. पहिल्याच दिवाळीत सासूबाईंनी तो समईजवळ धरला आणि त्यावरच्या राजाला दोन नाकं दिसली. हनुवट्याही दोन, अक्षरं एकावर एक चढलेली. "ह्यो खोटो दिसता," एवढंच त्या म्हणाल्या. रुपया चिंधीत बांधून फळीवर गेला.

चाळीतली गोष्ट एका बिऱ्हाडात थोडीच राहते. ती परळला वडिलांच्या कानावर गेली. तेव्हापासून ते आले की जिन्याखालीच थांबायचे, सुकटीची पुडी हातात द्यायचे आणि निघायचे. वर चला म्हटलं की "पुढच्या खेपेला." मला सासूबाईंचा राग यायचा, वडिलांचा यायचा आणि सगळ्यात जास्त त्या मेल्या राजाचा. ‘आपलंच नाणं खोटं’ असं कोणी सहज बोललं तरी मी तिथून उठायची.

मी गिरगावात शाळेत शिकवायची. नवे पैसे नुकतेच आले होते. आण्यांशी त्यांचा मेळ घालताना दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघंही रडकुंडीला. आमचे चित्रकलेचे मास्तर तेवढे खूश. लोक डब्यांतली जुनी नाणी बाहेर काढत होते आणि मास्तरांना बिघडलेल्या नाण्यांचा नाद. एके दिवशी मोर्चामुळे शाळा लवकर सुटली. रस्ता मोकळा होईपर्यंत बसलो होतो, तर त्यांनी डबी उघडली. एका आण्याचा ठसा कडेला घसरलेला, एक पैसा एका बाजूने कोरा.

मी विचारलं, राजाला दोन नाकं असली तर? मास्तर ताठ बसले. म्हणाले, उद्या घेऊन या.

सासूबाईंनी काही न विचारता चिंधी हातात दिली.

मास्तरांनी रुपया फरशीवर वाजवला. मग तराजूत आपल्याकडच्या चांगल्या रुपयासमोर ठेवला; काटा हलला नाही. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं. खोटा रुपया साच्यात ओततात, त्याची अक्षरं बुजलेली असतात, म्हणाले. इथे प्रत्येक अक्षर दोनदा होतं आणि दोन्ही वेळा ठसठशीत. पहिला ठसा बसल्यावर नाणं जरासं सरकलं आणि वरून दुसरा बसला.

"रुपया खरा आहे, बाई. चूक टांकसाळीची."

मला तिथेच रडू फुटलं. मास्तर गडबडून पाणी आणायला गेले.

घरी सगळं सांगितलं. सासूबाईंनी रुपया स्वतः वाजवून बघितला आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी माझ्या नवऱ्याला परळला धाडलं. व्याही जिन्यावरून परत गेले तर तूही घरी येऊ नको, असं बजावून.

वडील वर आले आणि दाराशीच अंग चोरून बसले. पाटावर माझा रुपया पुढे होता, सासूबाईंचा स्वतःच्या माहेरचा मागे. त्यांनी वडिलांपुढे कपबशी ठेवली.

"व्याह्यानू, तुमचो रुपयो बघल्यापासून माझोच माका खोटो वाटाक लागलो."

वडील हसले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुझ्या आईला मनातल्या मनात किती बोललो गं मी. फसलीस म्हणून."

मग त्यांनी बशीत ओतून चहा संपवला आणि सासूबाईंकडे आणखी अर्धा कप मागितला.