अ‍ॅव्हरेजवाली मावशी

लाल सिग्नल लांबून दिसला की सगळं जग गाडी दामटतं. आमची मावशी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायची. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. ती शांतपणे काच खाली करायची आणि म्हणायची, "लाल दिव्याकडे कशाला धावताय बाबांनो? तिथं काय प्रसाद वाटतायत?" गंगापूर रोडवरच्या रिक्षावाल्यांनाही हे वाक्य पाठ झालं असावं. आम्ही भाचरं तिला अ‍ॅव्हरेजवाली मावशी म्हणायचो, आणि तिला ते पदवीसारखं मिरवायला आवडायचं.

लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय अधू झाला होता. क्लच दाबणं शक्यच नव्हतं, म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी. छोटीशी, जुनी, आधी दोन मालकांनी वापरलेली. तीच घेऊन मावशी आठवड्यातून दोनदा दिंडोरीला जायची, द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बायकांना शिवणकाम शिकवायला. एसटीच्या पायऱ्या तिला चढता येत नसत. गाडी गेली की क्लास गेला, इतकं ते सरळ होतं.

आणि गाडी जायची वेळ आली होती. काका, म्हणजे तिचे यजमान, आयुष्यभर जीप चालवलेले. बिनाक्लचची गाडी त्यांच्या मते गाडीच नव्हे. "अगं, पांढरा हत्ती पोसतोय आपण! नऊच्या वर अ‍ॅव्हरेज देत नाही," असं ते येता-जाता ऐकवत. शेवटी त्यांनी पिंपळगावचा एक कांद्याचा व्यापारी गिऱ्हाईक म्हणून गाठलाच. रविवारी तो गाडी बघायला येणार होता. मावशी भांडली नाही. तिनं पदर खोचला.

आधी डिकी उघडली. त्यात तांदळाचं पोतं, तुटका पाटा, काकांच्या जुन्या जीपचा जॅक, काय नव्हतं! "डिकी आहे ही, माळा नव्हे," म्हणत तिनं सगळं बाहेर काढायला लावलं. एअर फिल्टर बदलून घेतला. टायर गार असताना, भल्या सकाळी हवा भरून आणली. चालवताना तर तिची वेगळीच तऱ्हा. गाडीनं वेग घेतला की ती पाय किंचित हलका करायची आणि गिअर आपोआप पुढचा पडायचा. "ऑटोमॅटिकला हुकूम सोडायचा नसतो गं. नुसता इशारा करायचा," ती मला सांगायची. तरी आकडा काही हलेना. गावातल्या कामांना गाडी काका न्यायचे, आणि टाकी तर दोघांची एकच.

त्याच आठवड्यात दिंडोरीला एक लग्न होतं. पाहुण्यांच्या देखत बायकोनं गाडी चालवलेली काकांना खपत नसे, म्हणून स्टिअरिंगवर काका, शेजारी मावशी, आणि मी मागून स्कूटरवर. बघते तर काय, गाडीचे ब्रेकचे दिवे शहर सोडल्यापासून जे लागले ते विझायचं नावच घेईनात. चढावरही लालभडक! मांडवात शिरता शिरता मी म्हटलं, "काका, तुमचे मागचे दिवे बिघडलेत, सारखे लागलेले असतात."

मावशी जागच्या जागी थांबली. "अहो, गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? ब्रेकवर. क्लच नाही तर त्याला दुसरं काम काय?"

अरे देवा! मावशी भर मांडवात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नवरीची आई घाबरून पाणी घेऊन आली. "उजव्यानं पळवताय, डाव्यानं धरून ठेवताय," मावशी कशीबशी म्हणाली, "आणि खादाड कोण, तर गाडी!" काका त्या दिवशी जिलबीलासुद्धा नाही म्हणाले.

रविवारी व्यापारी आला. मावशी स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि म्हणाली, "बसा, चक्कर मारून येऊ." दिंडोरी रोडच्या पंपावर टाकी फुल केली, वणीपर्यंत जाऊन परत आलो, त्याच पंपावर पुन्हा फुल. काका खाली उतरून पाइपाजवळ उभेच होते. पंप इतक्या लवकर थांबला की ते म्हणाले, "अजून भरा, टाकी फुल झालेली नाही." झाली होती. मी मोबाइलवर भागाकार केला. लिटरला चौदा! आमची मावशी जिंकली होती आणि मी पंपावरच शिट्टी मारली.

व्यापारी तर हरखूनच गेला. "वहिनी, लय भारी गाडी हाय. आत्ताच्या आत्ता घेऊन जातो!"

जिंकून गाडी घालवली की काय! मावशी नुसती काकांकडे बघत राहिली. काका खाकरले. "विकायची नाही," ते म्हणाले. "मला शिकायचीय."

त्यानंतर मावशीचा क्लास कितीतरी वर्षं चालला. पुढे काका शेजारच्या सीटवर बसून जायला लागले, बायकांची बटणं लावून द्यायला लागले. गेल्या वर्षी मावशी गेली. दिंडोरीच्या बायका आल्या, सगळ्या आपल्या हातानं शिवलेल्या ब्लाउजांत. त्यांतली एक वयस्क बाई काकांसमोर येऊन डोळे पुसत म्हणाली, "बाईंनी कधी एक सुट्टी दिली नाय हो. लय वैताग यायचा आम्हाला."