कमरेचं इलॅस्टिक

तळमजल्यावरच्या टेलरबाईंना काही समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी ते कित्येक वर्षं आपटते आहे आणि कपडेही त्यांच्याकडूनच शिवून घेते आहे, कारण त्यांच्यासारखी बाही दुसऱ्या कुणाला जमत नाही.

बाई अंगाने भरभक्कम. मशिनपुढे स्टूल पुरत नाही म्हणून बाकडं ठेवलेलं. पुढच्या खोलीत दुकान, पडद्यामागे स्वयंपाकघर. गिऱ्हाइकाची कंबर अर्धा इंच कमी सांगायची आणि कापड मात्र बरोबर कापायचं, ही त्यांची पद्धत. मला म्हणतात, "बोलायला काय जातंय, मावशी? बिचारी खुशीत घरी जाते." स्वतःचं माप त्या घेतच नाहीत. जुना झगा कापडावर पसरतात आणि अंदाजाने कात्री चालवतात.

लेकीच्या बाबतीतही तेच. शाळेचा स्कर्ट घट्ट झाला की गुपचूप शिवण उसवून सैल करायचा. पुढे शिवणीत दाबलेलं जादा कापडही संपलं, तेव्हा कमरेला इलॅस्टिक घातलं. इलॅस्टिक कसली तक्रार करतंय! पाव इंचाचा फरक लांबून ओळखणारी ही बाई, पण पोर फुगत चालली ते हिला दिसेना.

दिसलं ते शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना. मुलीच्या मानेवर काळसर पट्टा होता. आई तो मळ समजून रोज घासत होती! तसा पट्टा साखर बिघडत असल्याची खूण असू शकतो, म्हणून रक्त तपासलं, तर साखर मधुमेहाच्या अगदी काठावर. बाई एकट्या जायला तयार होईनात म्हणून त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मीच सोबत गेले.

"ही पोटात असताना तुमचं वजन बरंच होतं का? साखर वाढली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वजन कोण करत बसतंय? साखर थोडी होती म्हणाले. नंतर कुणी बघितलीय!"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की गरोदरपणी आईचं वजन आणि साखर जास्त असली तर मुलालाही पुढे वजनाचा, साखरेचा धोका वाढतो. पण धोका म्हणजे शिक्षा नव्हे. घरातलं खाणं आणि हालचाल बदलली तर मुलगी सावरू शकते. "आणि तुम्हीही तपासून घ्या."

एवढ्यातून बाईंनी काय उचललं? "म्हणजे मीच केलं." वाटभर रडल्या आणि घरी येताच लेकीची समजूत काढायला तिच्या हातात केक ठेवला!

नवरा टॅक्सी चालवतो. तो रोज संध्याकाळी गोड थंड पेयाची बाटली आणतो.

"पोरीला उपाशी मारू का, मावशी?" त्याने मला विचारलं.

"उपाशी कोण म्हणालं? बाटली बंद करा."

"एका बाटलीने काय होतंय?"

"रोज एकच असते, तेच तर सांगतेय!"

आणि बाईंचं एकच पालुपद, "माझं राहू द्या हो, पोरीचं बघू."

एके दिवशी मी माझ्या ब्लाउजची बाही बघायला खाली गेले होते. लेकीने टेप आणून आईच्या हातात दिली.

"माझी कंबर माप. आणि खरं सांग, गिऱ्हाइकाला सांगतेस तसं नको."

बाईंनी मापलं आणि आकडा सांगितला. पोरीने टेपवर बोट तसंच दाबून धरलं, मान वाकवून पाहिलं.

"अर्धा इंच खाल्लास. आता तू हात वर कर."

"चल, वेडी! कामं पडलीत मला."

"हात वर. श्वास रोखायचा नाही." हे बाईंचंच वाक्य, रोज गिऱ्हाइकांना ऐकवलेलं.

बाईंनी हात वर केले. पोरीने आकडा पुरता सांगितला, कमी नाही, जास्त नाही. बाईंनी तिच्या हातातून टेप काढून घेतली. मग ती गुंडाळत म्हणाल्या, "मावशी, उद्या येता? पोरीचं परत द्यायचंय, आम्हा दोघींचं रक्त एकदमच तपासायला देऊ."

सकाळी गेले तर बाई स्कर्टचं इलॅस्टिक उसवून हूक लावत होत्या. "घट्ट झाला तर कळेल तरी," म्हणाल्या. चपला घालता घालता थांबल्या.

"मावशी, रक्त दिल्यावर कोपऱ्यावर काहीतरी गोड खाऊ ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "आधी चला हो!"