म्हातारीचं हिरवं अंडं

ऑर्विलमामाचं नाव काढलं की आमच्या बेटावर लोक आधी हसायचे. माणूसच तसा. पुढचे दोन दात वॉलरसच्या कातड्याचा दोर चावून मऊ करता करता झिजलेले, त्यामुळे शिवी दिली तरी शिट्टीसारखी ऐकू यायची. आणि शिव्या तो भरपूर द्यायचा. वाऱ्याला, चारचाकी गाडीच्या इंजिनाला, मला. पण कड्यावरून दोराला लटकला की तोंड बंद. तिथं बोलायचं ते फक्त दोरानं. एक हिसका म्हणजे सोड, दोन हिसके म्हणजे ओढ.

कडा गावापासून गाडीनं अर्ध्या दिवसाच्या आत येतो. वर दोर बांधायची पाचर ठोकलेली, खाली बेरिंगचा समुद्र, आणि मधे मामाचा कठडा, म्हणजे कड्यातून पुढं आलेली दगडी कपार. त्याच्या आजोबांचाही तोच. गावातल्या प्रत्येक घराचा आपापला कठडा असतो, दुसऱ्यानं तिथं उतरायचं नसतं. कागद कुठं नाही, पण मोडून बघा कुणी.

त्या कठड्यावर अल्पा येतात, समुद्रपक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, घरटं म्हणून काही नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालायचं, दोन पायांवर घ्यायचं आणि समुद्राकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. शिक्षा केलेल्या पोरांसारखं. प्रत्येकीच्या अंड्याचा रंग वेगळा. कुणाचं निळं, कुणाचं मातकट, कुणावर शाई सांडल्यासारख्या रेघा. आणि जिचा जो रंग तो दरवर्षी तोच.

रोडामामी, म्हणजे मामाची बायको, रंगांवरूनच त्यांना ओळखायची. लग्नाआधी मामानं तिच्या दारात पहिली बादली नेऊन ठेवली तेव्हा तिनं आभार मानले नाहीत. अंडी रंगाप्रमाणे लावत बसली आणि म्हणाली, "ही हिरवी कुणाची?"

"कुणाची म्हणजे? पक्ष्याची."

"मूर्ख आहेस. पुढच्या वर्षी बघ, डाव्या कोपऱ्यात कोण बसते ती."

मामानं पुढच्या वर्षी बघितलं. मग लग्न झालं. ती हिरव्या अंड्याची, तिचं नाव पडलं म्हातारी. ती गेल्यावर त्याच कोपऱ्यात दुसरी हिरवी आली, तीही म्हातारीच. मामीला मूल नव्हतं. तिच्यासाठी जून महिना म्हणजे माहेरची माणसं येण्याचे दिवस.

अंडी काढायचा आमचा एक नियम आहे. कठडा अर्धा ठेवायचा नाही. पहिल्यांदा उतरलं की सगळी उचलायची, एकही मागं सोडायचं नाही. बाहेरच्यांना हा हावरटपणा वाटतो. वाटू दे. त्यामागं दयाच आहे. अर्धी सोडली तर पुढच्या खेपेला कुठलं ताजं आणि कुठल्यात पिल्लू धरलंय ते कळत नाही, आणि पिल्लू धरलेलं अंडं फोडणं याहून वाईट काम नाही. सगळी उचलली की अल्पा दोनेक आठवड्यांत पुन्हा घालतात. त्यातली घरापुरती घ्यायची, बाकीची त्यांची. मामीला तीच आवडायची, दुसऱ्या खेपेची. म्हणायची, पहिलं अंडं घाईचं, दुसरं मनापासूनचं.

मग एका हिवाळ्यात बर्फ धरलाच नाही. बर्फ नाही म्हणजे त्याच्याखालचं थंड पाणी नाही, थंड पाणी नाही म्हणजे त्यातले चरबीवाले बारीक जीव नाहीत, आणि ते खाऊन माजणारे छोटे मासे नाहीत. उलट दक्षिणेकडून मोठे मासे वर आले आणि उरलंसुरलं गिळून बसले. त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर अल्पा मरून पडल्या. हातात घेतलं तर छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या गावात तेल जाळून जाळून किती जाळतो आम्ही? बर्फ वितळवला तो ज्यांनी, त्यांनी अल्पा कधी चाखलीसुद्धा नसेल. प्रत्येक सभेत मी हेच ओरडते.

त्यानंतर कठड्यावर कमी कमी येत गेल्या. आणि त्याच दिवसांत मामीला मुख्य भूमीवरच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. घरी पाठवलं याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. ती काही खाईना. मंगतक, म्हणजे व्हेलचं कातडं चरबीसकट, तिचा जीव की प्राण, तेही तोंडातून परत. जून लागला तशी म्हणाली, "अंडं खाईन."

कड्यावर आम्ही तिघं गेलो. मामा, मी, आणि दोर धरायला शेजारचा चेस्टर. मी मामाला म्हटलं, "यंदा दोनच आण. तिच्यापुरती."

"आणि बाकीची?"

"राहू दे त्यांची."

"अर्धा कठडा ठेवू? पुढच्या खेपेला कुठल्यात पिल्लू ते तू ओळखणार? सभांमधे ओरडून ओळखतेस का गं?"

चेस्टर म्हणाला, "मामा, लवकर उतर. तुझ्या पोटाचं वजन दोराला आजच कळलंय."

"तुझ्या अकलेचं असतं तर दोर कधीच तुटला नसता," मामा म्हणाला आणि उतरला. नियमाप्रमाणे सगळी उचलून आला. पूर्वी चार बादल्या भरायच्या. यंदा एक बादली, तीही भरली नाही.

मामीनं अंथरुणातच अंडी लावून घेतली. हिरवं दिसलं तसं तिच्या तोंडावर कित्येक दिवसांनी रंग आला. "आली गं म्हातारी." मी ते उकळायला घेणार तर हात धरला. "ते नको. तिचं मी दुसऱ्या खेपेचं खाईन. हे तळघरात ठेव." एक निळं तिनं खाल्लं, जवळजवळ अर्धं. हिरवं आम्ही बाकीच्यांबरोबर जमिनीतल्या तळघरात ठेवलं. पूर्वी तिथं मांस दगड होऊन राहायचं. आता भिंतींना पाझर आहे.

दुसरं अंडं आलं नाही.

मामा रोज कड्यावर जायचा. पोटावर पालथा पडून खाली बघायचा. एकदा मीही गेले. अल्पा होत्या. भिंतीकडे तोंड करून, पाय जुळवून, वाकून उभ्या होत्या. पायांवर काहीच नव्हतं. मधेच एखादी चोचीनं पायाखाली चाचपायची आणि पुन्हा तशीच उभी राहायची. नव्यानं घालायला अंगात चरबी लागते. ती आणायची कुठून? चारा इतका लांब गेला होता की जाऊन यायलाच सगळं बळ जायचं.

संध्याकाळी मामी विचारायची, "घातली का?"

"घालतील. यंदा उशीर आहे."

"म्हातारी आहे ना कोपऱ्यात?"

"आहे. माझ्याकडे पाठ करून."

"शहाणी आहे."

असं रोज. मामीचा आवाज बारीक होत चालला होता. मग एके दिवशी तिनं विचारायच्या आधीच मामा म्हणाला, "घातली."

मामीनं मान वळवली. "म्हातारीनं?"

"तिनं सगळ्यात आधी."

"मग आण की रे."

दुसऱ्या दिवशी मामा दोर घेऊन एकटाच गेला आणि दुपारनंतर परतला. नाक लाल, बुटांना कड्यावरची माती. माझ्या हातात हिरवं अंडं ठेवलं. "उकळ."

मी उकळलं. सोललं. अल्पाच्या अंड्याचा पांढरा भाग शिजला तरी काचेसारखा राहतो, तसाच होता. पण रुंद टोकाला खड्डा होता, अंगठा बसेल एवढा. ताज्या अंड्याला तो नसतो. अंडं पडून राहिलं, आतून सुकत गेलं, की हवा शिरते आणि खड्डा पडतो. आमच्याकडची शाळेत न गेलेली पोरगीही हे सांगेल. मी मामाकडे बघितलं. तो खिडकीतून समुद्राकडे बघत होता, जसा काही समुद्र आजच दिसला.

बशी मामीसमोर ठेवली. तिनं अंडं उचललं, बोटांनी फिरवलं. अंगठा खड्ड्याशी थांबला. मग तिनं खड्ड्याची बाजू तळव्याकडे वळवली आणि मूठ धरल्यासारखं धरलं.

"ताजं आहे," ती म्हणाली. "कशी आहे म्हातारी?"

"चावली मला."

"चावणारच. अंडं काय फुकट देईल?"

मामा हसला. मामीही हसली. मग तिनं ते सगळं खाल्लं, एकेक घास पाण्यानं ढकलत. महिनाभरात तिनं एवढं खाल्लं नव्हतं. मामा नावेचं इंजिन बघतो म्हणून बाहेर गेला तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "काही बोलू नकोस त्याला. बिचारा एवढ्या लांब रिकामा जाऊन आला."

अल्पा कडा सोडून गेल्या त्याच आठवड्यात मामी गेली.

हिवाळ्यात शाळेच्या हॉलमधे सभा झाली. मुख्य भूमीवरून एक बाई आली होती, पक्ष्यांचा अभ्यास करणारी. बाई चांगली होती, खोटं बोलत नव्हती. अल्पांचा चारा कसा उत्तरेला सरकत गेला ते तिनं नकाशावर दाखवलं. कुणीतरी विचारलं, आमच्या अंडी काढण्यानं काही झालं का? ती म्हणाली, नाही, समुद्र बदललाय.

मामा उठला. "मी अख्खा कठडा उचलला."

बाई हळूच म्हणाली, "ऑर्विलकाका, त्यांच्या अंगात दुसऱ्या अंड्यापुरतं काही उरलंच नव्हतं. यात तुमचा दोष नाही."

"पोरी," मामा म्हणाला, "पहिलं तर त्यांनी घातलं होतं ना?"

मग मी उठले आणि घसा फाटेपर्यंत बोलले. जहाजांवर, जाळ्यांवर, तेलावर, इथून हजारो मैलांवर गरम खोलीत बसून ठराव करणाऱ्यांवर. सगळं खरं होतं. लोकांनी टेबलं बडवली. मामा टोपी घालून निघून गेला होता.

जूनमधे तो म्हणाला, "दोर धर." चेस्टरला मी हाक मारली. मामानं बादली घेतली नाही. चेस्टरनं तोंड उघडलं, काहीतरी थट्टा करणार होता, पण बादली नाही बघून मिटलं.

मी पोटावर पडून बघितलं. कठड्यावर एकही अल्पा नव्हती. दगडावर जुनी पांढरी शिट, पावसानं धुतलेली. मामा उतरला, डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं गुडघ्यावर बसून त्यानं हातानं दगड चाचपला. मग उठून समुद्राकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून, पाय जुळवून उभा राहिला.

"मामा, ओढू का?"

दोर हलला नाही. चेस्टर म्हणाला, "ओढूया." मी म्हटलं, "थांब. त्यानं सांगितलेलं नाही."

वारा होता. हात बधिर झाले. चेस्टर शिव्या देत होता, मामाला नाही, कुणालाच नाही, नुसत्याच. मग केव्हातरी दोराला दोन हिसके बसले, अगदी हळू, आणि आम्ही ओढायला लागलो.