बबनची अर्धी राहिलेली गोष्ट

बबन गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याच वतीनं बोलत होतो. मंचरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि माझं पाइप-फिटिंगचं, मध्ये एक भिंत. त्या सकाळी त्याचं शटर बंद होतं आणि एक शेतकरी जळालेली मोटार पिकअपमध्ये घालून दारात उभा होता. "येईल हो, बबन म्हणजे घड्याळ. संध्याकाळी मोटार मिळाली म्हणून समजा," असं मी परस्पर कबूलही करून टाकलं. तेवढ्यात वहिनींचा फोन आला... पहाटे झोपेतच गेला होता. शेतकऱ्याला काय सांगावं ते मला सुचेना. माझं असं सहसा होत नाही.

आता दीड महिना होत आला.

निरगुडसरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. गुरुजी प्रश्न बबनला विचारायचे, उत्तर मी द्यायचो, छडी दोघांना. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. त्याचं वाक्य सुरू व्हायला वेळ लागायचा, आणि तेवढा दम माझ्याकडे नव्हता. त्याच्यासाठी आळे गावी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही शिक्षण किती, जमीन किती, विहिरीला पाणी किती, सगळं मीच सांगितलं. वहिनी अजून म्हणतात, "मला वाटलं, नवरदेव ह्योच. म्हनून आत जाऊन रडले व्हते."

रिवाइंडिंगचा धंदा त्यानं बहुतेक गप्प बसता यावं म्हणूनच धरला. तांब्याच्या तारेचे वेढे मोजणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही. मोजणी चुकली की मोटार बिघडते. तो मोजायचा आणि मी शेजारी बसून गिऱ्हाइकांना आमच्या गोष्टी सांगायचो. आहुप्याची गोष्ट माझी हातखंडा. नववीत असताना आम्ही दोघं तिथली डोंगरावरची देवराई बघायला गेलो, धुकं उतरलं, बबन घाबरून रडायला लागला आणि मी त्याला खाली आणलं. शंभरदा तरी सांगितली असेल. बबन मान खाली घालून हसायचा आणि मोजत राहायचा.

असा हा माणूस तीन वर्षांपूर्वी एकटा जर्मनीला गेला. त्याची मुलगी प्राजक्ता तिथं शिकायला होती, ती बर्फावर घसरली आणि पाय मोडून बसली. वहिनींना गाई आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई सोडून निघता येईना. "अरे, तुझ्याच्यानं विमानात पाणीसुद्धा मागवणार नाही," मी म्हणालो. तरी तो गेला. तिच्या वसतिगृहातला एक विद्यार्थी घरी गेला होता, त्याच्या खोलीत रीतसर परवानगी काढून दोन महिने राहिला.

प्राजक्ता सांगते, पहिले चार दिवस तो ताट घेऊन खोलीत पळायचा. देशोदेशीच्या आठ पोरांचं मिळून एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये ज्याच्या त्याच्या नावाचा कप्पा, जो तो आपलं शिजवणार, आपलं खाणार आणि निघून जाणार. बबन दारातून डोकवायचा, कुणी दिसलं की माघारी. पाचव्या दिवशी लिन्ह नावाच्या व्हिएतनामी मुलीच्या मिक्सरमधून धूर निघाला. आता मात्र त्याला राहवलं नाही. पुढं होऊन त्यानं मिक्सर उघडला आणि तासाभरात फिरवून दाखवला. लिन्हनं टाळ्या वाजवल्या, एक खुर्ची ओढली आणि त्याला बसवलं. ती खुर्ची मग दोन महिने त्याचीच. घानाचा क्वामे त्याच्याकडून भाकरी थापायला शिकला. भाकरी गोल कधी झाली नाही, पण दोघांनी मिळून संपवली मात्र रोज. रविवारी दुपारी बबननं सगळ्यांना पत्त्यांतला मेंढीकोट शिकवला. दश्शी हाती लागली की ती पोरं "मेंढी!" म्हणून आरोळी ठोकायची आणि बबन डोळ्यांत पाणी येईतो हसायचा. प्राजक्ताबरोबर तीही त्याला "बाबा" म्हणायला लागली.

तो परत आला तेव्हा मी दुकानात चार माणसं जमवली. बबननं तार खाली ठेवली. "तिथं एक पोरगा व्हता, क्वामे म्हनून..."

"घानाचा! भाकरी थापणारा!" मी म्हणालो, कारण प्राजक्तानं फोनवर मला सगळं आधीच सांगितलं होतं. मग उरलेली जर्मनीही मीच सांगितली. मी जन्मात विमानात बसलेलो नाही. बबननं तार परत हातात घेतली. त्या दिवसाची मला आज लाज वाटते.

दहाव्याला प्राजक्ता आली होती. "काका, बाबा तिथं लई बोलायचे," ती म्हणाली. मला पटेना. कुणाशी? कुठल्या भाषेत?

"मराठीत. आधी मी अर्थ सांगायचे. मग तेच म्हणाले, ऱ्हाऊ दे. पोरं नुसती ऐकत बसायची. मधी कुणी बोलायचंच नाही."

तिनं टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण टोचलं. लिन्हला त्याचा आवाज आवडायचा, म्हणून तिनं एकदा ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बातमी कळल्यावर तिनं ते प्राजक्ताला पाठवलं, प्राजक्तानं मला.

बबनच्या दुकानात, त्याच्याच स्टुलावर बसून मी ते लावलं. पत्ते पिसल्याचा आवाज, मग बबन... "माझा येक दोस्त हाये. दत्ता. लई बोलतो गडी. त्यो बोलतो म्हनून माझं निभतं. आमी शाळंत व्हतो, आहुप्याला गेलतो..."

"नववीत," मी पटकन म्हणालो.

बबन थांबला नाही. "...धुकं आसं आलं, का सवताचा हात दिसंना. दत्ता झाडाच्या बुडाशी बसला. वाचाच बसली त्याची. रडाया लागला. वाट येका मानसापुरती, हात धरून चालता येईना. मंग मी म्होरं झालो. म्हनलं, माझ्या आवाजामागं ये. काय बोलावं ते कळंना, तर गाईंची नावं घेतली, पाढं म्हनलं, यष्टी थांबती ती गावं म्हनली. पार खालच्या वस्तीपतुर बोलत ऱ्हायलो. तेवढा मी परत कवा बोललो न्हाई."

मला हे ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं मी ती गोष्ट उलटी सांगितली, त्याच्या तोंडावर सांगितली, आणि तो एकदाही "न्हाई" म्हणाला नाही. खरी गोष्ट त्यानं सांगितली ती इतक्या लांब, की तिथं माझी अब्रू जायची भीती नव्हती.

दुकान वहिनींनी अजून मोडलेलं नाही. किल्ली माझ्याकडेच असते. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं, स्टुलाकडं बघत हळहळलं आणि म्हणालं, "दत्ताभाऊ, ती आहुप्याची सांगा की राव, बबनशेठ रडल्याली."

मी फोन काढून मोटारीवर ठेवला. "त्याच्याच तोंडून ऐका," म्हणालो.

खोड मात्र जात नाही. गाईंची नावं आली तसं माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अरे, कपिलाचं सांग की..." बबन थांबला नाही. तो आपला बोलत पुढं चालला होता, आणि मी गप त्याच्या आवाजामागं.