तिकीट बगळीला दिलं

मी बनवलेल्या गेममध्ये झाडं रांगेत उभी होती. डोंग्यातून नदीपलीकडे जायला तिकीट हवं, आणि तिकिटासाठी आपण झाड असल्याचा दाखला हवा. खिडकीत चष्मा लावलेला खेकडा बसायचा. एका सागाला तो सांगत होता, "पानं नका दाखवू, कागद दाखवा." वाघाला मात्र कोणी काही विचारत नव्हतं. तो थेट डोंग्यात जाऊन बसायचा. हे सगळं मला कॉलेजच्या प्रवेशासाठी कागद गोळा करताना सुचलं होतं.

गेमची नायिका एक मुलगी. तिला पलीकडच्या कॉलेजात जायचं होतं. चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत, कोडी सोडवत शेवटचं तिकीट मिळवायचं आणि डोंग्यात बसायचं, की खेळ संपला. संध्याकाळपर्यंत तो नागपूरच्या एका छोट्या कंपनीला पाठवायचा होता. त्यांना आवडला तर मला नोकरी. घरातली पहिली पदवी माझीच होती. आईने दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणं करून मला ती मिळवून दिली होती.

पाठवण्याआधी कोणीतरी खेळून पाहायला हवं होतं. रविवारच्या दुपारी सावली गावातल्या आमच्या घरात आईच होती. ती पडद्यावर बोट ठेवायची, मी तिथे क्लिक करायची.

"या खेकड्याले मी कुठीतरी पाह्यलं आहे," ती म्हणाली आणि हसत सुटली.

तिकीट मिळालं. पण आईचं बोट डोंग्याकडे गेलंच नाही. रांगेत एक म्हातारी बगळी होती, गाठोडं घेतलेली. चित्र भरलेलं दिसावं म्हणून मी काढलेली.

"तिले दे."

"आई, डोंगा सुटेल ना!"

"म्हातारी आपल्या आधीपासून उभी आहे. तुले दिसून नाई राह्यली का?"

क्लिक केलं. 'असं करता येत नाही' ही ओळ मी तिथे घालायचीच विसरले होते. बगळीने तिकीट घेतलं, वाघाशेजारी बसली, डोंगा गेला. मुलगी काठावर. पुढे काहीच नाही.

"गेम अडकला."

"अडकला काऊन? डोंगा परत येते ना!" आई सूप घेऊन तांदूळ पाखडत वाट पाहू लागली.

ती विसरलेली ओळ घातली असती तर काम झालं असतं. पण समोर आई वाट बघत होती, म्हणून डोंग्याचा परतीचा प्रवास बनवायला घेतला.

"आला का?"

"येऊन राह्यला."

वल्हं कोणाच्या हातात द्यावं सुचेना, म्हणून वाघाच्या दिलं. ते पाहून आई इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले. मग एकदम गंभीर झाली.

"रिकामाच आला? आपण कोणाचा डबा रिकामा धाडतो का?"

मग डोंग्यात बगळीचं गाठोडं ठेवलं, त्यात जांभळं. खेकडा खिडकी सोडून जांभळांवर तुटून पडला आणि सगळी झाडं बिनकागदाची डोंग्यात चढली. सागही, मुलगीही. संध्याकाळी गेम गेला.

काही दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. नोकरी पक्की झाल्याचं सांगून त्यांनी विचारलं, "डोंगा परत आणायचं कोणाला सुचलं?"

"आईला. वाघ माझा."

शेजारच्या काकूंचा डबा आमच्याकडे होता. आईने त्यात गरम शिरा भरला आणि सांगायला निघाली. दारातून वळून म्हणाली, "वाघाचंही सांगतो बरं!"